उलटे बसलेले गार्डकाका

दसऱ्याच्या दिवशी मी माझ्या मोटरसायकलची पूजा केली तेव्हा तिचं मागचं चाक काढलेलं होतं.

या वाक्यात तुम्हाला काही वावगं दिसलं नसेल, तर तुम्ही माझ्याच जातकुळीतले आहात आणि तुमच्या हाती कोणी मोटरसायकल देऊ नये. मला तरी त्यात काही चुकलंसं वाटलं नव्हतं. सणाला गाडी नवी दिसावी म्हणून मी सकाळीच चाक खोललं होतं आणि त्याच्या मधल्या गड्ड्याला, ज्याला फिटर लोक हब म्हणतात, झकास हिरवा तेलरंग दिला होता. रंग वाळेपर्यंत थांबायचं ठरलं होतं. पण मुहूर्त काही रंग वाळायची वाट बघत नाही. घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, ताट घेऊन अंगणात आल्या तेव्हा चाक भिंतीला टेकलेलं, दातेरी चकती वर्तमानपत्रावर आणि बाकीची गाडी विटांवर, असा देव तीन ठिकाणी विभागलेला होता. मी तिन्ही ठिकाणी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, आणि लग्नात शेवटच्या रांगेतले पाहुणे टाकतात तशा लांबून मूठमूठ अक्षता उधळल्या. मग दुपारी, ओल्या रंगाचा वास नाकात जाऊ नये म्हणून मान जरा बाजूला वळवून, सगळं आवळून टाकलं.

ही झाली माझी बाजू. आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो, त्यांच्याकडे वळतो.

साठच्या दशकात तारापूरला वीजकेंद्राचं मोठं बांधकाम सुरू झालं, तेव्हा मी तिथं एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होतो. राहायला पालघरला. ठेकेदाराची अट होती की ज्याच्याकडे स्वतःचं वाहन असेल त्यालाच ही जागा. मी महायुद्धाच्या लढाईतून उरलेली एक लष्करी मोटरसायकल घेतली आणि मगच ती चालवायला शिकलो. पालघरहून बोईसर, बोईसरहून तारापूर, रोज जाऊन येऊन. खोली मिळाली ती रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डांच्या परसात. मालगाडीचे गार्ड. सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणे, मी गार्डकाका म्हणायचो आणि ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. म्हणायचे, "ओव्हरसियर."

निवृत्त होताना रेल्वेनं त्यांच्याकडून झेंड्या परत घेतल्या होत्या. काकांनी घरी आल्या आल्या काकूंच्या जुन्या हिरव्या लुगड्याची एक आणि लाल खणाची एक अशा दोन नव्या करून घेतल्या. शिट्टी मात्र खरी होती. ती त्यांनी कशी ठेवून घेतली हे मी विचारलं नाही. रोज सकाळी मी मोटरसायकल फाटकाशी आणली की काका मागून येत. "लाइन क्लिअर?" असं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत. आतून काकू ओरडत, "डबा दिलाय, पाणी दिलंय, जाऊ दे त्याला!" मग शिट्टी, मग हिरवी झेंडी. झेंडी दिसेपर्यंत मी हलायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकदा हललो होतो. तेव्हा त्यांनी मला रस्त्यावरून परत बोलावून पुन्हा पहिल्यापासून सोडलं.

त्यांचं सगळं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेलं होतं आणि तो डबा त्यांनी घरी आणला होता. कीर्तनाला गेले की सगळ्यात मागे बसत. लग्नात शेवटच्या पंगतीला जेवत, आणि शेवटचं पान उठलं की यजमानाला जाऊन सांगत, "गाडी पूर्ण पोचली." एखाद्याला पोचवायला स्मशानात जायचं असलं तरी सगळ्यांच्या मागे चालत. मी एकदा म्हटलं, "काका, कधी तरी पुढे चला की." ते म्हणाले, "इंजिन पोचलं म्हणजे गाडी पोचली असं फक्त प्रवाशांना वाटतं. शेवटच्या डब्याचा दिवा दिसला की मगच स्टेशनमास्तर मान हलवतो. पुढे कोण पोचलं ते सगळेच बघतात रे. मागे कोण राहिलं ते कोणी बघायचं?"

आणि ते ऐकत. गार्डाला पुढचं काही दिसत नाही. गाडीत काय चाललंय ते त्याला कानांनीच कळतं. संध्याकाळी आम्ही ओटीवर बसलेलो असलो आणि लांबून गाडी आली की काका डोळे मिटत. "मालगाडी. रिकामी." किंवा, "पॅसेंजर. ड्रायव्हर नवीन आहे, ब्रेक फार लावतो." खरं की खोटं हे तपासायला मी कधी स्टेशनवर गेलो नाही. माणूस इतक्या खात्रीनं सांगत असला की आपण मान डोलावतो.

पण त्यांची खात्री वरवरची होती, हे मला काकूंनी सांगितलं. एकदा मी काकांबरोबर स्टेशनासमोरच्या चहाच्या टपरीवर गेलो होतो. आम्ही बाकावर टेकलो आणि पलीकडे बसलेल्या दोघातिघांनी चमच्यानं ग्लास वाजवायला सुरुवात केली. टक्... टक्... टक्. काका चहा अर्धा टाकून उठले. घरी आल्यावर मी काकूंना विचारलं तेव्हा त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी उमरोळीच्या अलीकडे काकांना आपल्या गाडीत कुठल्या तरी चाकाचा आवाज ऐकू आला. टक्, टक्, एकसारखा. त्यांनी ब्रेक ओढून गाडी मधेच रुळांवर उभी केली. मागची मेल अडकली. माणसं आली, एकेक डबा, एकेक चाक तपासलं. काही सापडलं नाही. साहेबांनी बोलावून झापलं, आणि उरलेली नोकरी काकांना यार्डात काढावी लागली. तेव्हापासून स्टेशनची पोरंटोरं त्यांना बघितलं की ग्लास वाजवत.

"लोकांचं सोड," काकू म्हणाल्या, "ह्यांनाच आता वाटतं की तेव्हा काही वाजलंच नव्हतं. कानच वाजले म्हणून. चाळीस वर्षं कानांवर गाडी चालवली माणसानं, आणि शेवटी कानांनीच दगा दिला, असं घेऊन बसलेत."

दिवाळीनंतर एका सकाळी मी फाटकाशी गाडी आणली. लाइन क्लिअर झाली, शिट्टी झाली. मी निघालो, आणि मागून पुन्हा शिट्टी. वळून बघतो तर लाल झेंडी.

"ओव्हरसियर, वाजतंय."

"काय वाजतंय?"

"मागून. टक्. थांबून थांबून."

मी कान दिला. त्या मोटरसायकलचं इंजिन म्हणजे गिरणीचा पट्टाच. त्यात टक् ऐकू येणं म्हणजे लग्नाच्या वरातीत कोणाच्या तरी खिशातली सुपारी वाजल्याचं ऐकू येणं. मी म्हटलं, "काही नाही काका." ते म्हणाले, "आहे." आणि लाल झेंडी धरून फाटकात उभे राहिले. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी इंजिनियरसाहेब म्हणाले की वाहन असून उशीर होत असेल तर दुसरा वाहनवाला बघू.

मी बोईसरला एका फिटरला गाडी दाखवली. उत्तरेकडून नुकताच आलेला, बांधकामाच्या लाटेत दुकान टाकलेला माणूस. त्यानं गाडी स्टँडवर घेतली, चाकाला दोन्ही हातांनी धरून हलवून बघितलं, चेन बोटानं दाबली आणि म्हणाला, "साब, गाड़ी एकदम फस्ट किलास है। जो आवाज़ सुनता है न, उसको दिखाओ किसी डाक्टर को।"

मी हसलो. आणि तिथंच एक युक्ती सुचली, जिचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मी त्याच्याकडून ग्रीसचा डबा घेतला आणि चेनवर, मागच्या चकतीवर, चेनच्या पत्र्याच्या झाकणात आतून, लोणच्याला तेल घालतात तसं ग्रीस घातलं. झाकणात गोणपाटाच्या चिंध्याही कोंबल्या. आजार असो नसो, रोग्यानं कण्हायचं बंद केलं पाहिजे, एवढाच माझा उपचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी काका मान तिरकी करून ऐकत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "जरा पुढे-मागे कर." मी केली. त्यांनी पुन्हा ऐकलं.

"नाही वाजत," ते म्हणाले.

"मी सांगत होतोच ना काका! काही नव्हतंच."

त्यांनी हिरवी झेंडी दाखवली, पण दाखवल्यासारखी दाखवली. आणि दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाशी आलेच नाहीत. काकूंनी आतून "लाइन क्लिअर" म्हटलं, ते ऐकायला कोणी नव्हतं. संध्याकाळी ओटीवर बसलो असताना गाडी गेली. काकांनी डोळे मिटले नाहीत. मीच न राहवून म्हटलं, "मालगाडी, नाही का?"

"असेल," ते म्हणाले. "मला काय विचारतोस."

झेंड्या कोपऱ्यातल्या छत्र्यांमध्ये उलट्या खोचून ठेवलेल्या मी पाहिल्या. काकू मला परसात गाठून म्हणाल्या, "काय रे केलंस तू? पाच-सहा दिवस झाले, हे गाड्या ऐकत नाहीत." मी म्हटलं, मी काही केलं नाही. मला ते खरंही वाटत होतं. ग्रीस लावणं म्हणजे काही करणं, हे कोणाच्या डोक्यात येतं?

मग मी पडलो.

नवापूरच्या बाजूला ठेकेदाराचं काही काम होतं म्हणून गेलो होतो. रस्त्यावर वाळू आलेली, मी हळू चाललो होतो. एकदम मागून खाडकन् आवाज झाला, चेन चकतीवरून उतरली, चाक जागच्या जागी अडलं, आणि मी रस्त्याकडेला बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांत गेलो. सगळाच्या सगळा. बोंबलांची मालकीण धावत आली. मला वाटलं, उठवायला आली. तिनं आधी बोंबील उचलले.

"आंदला हायस काय रं? एवरा मोठा रस्ता दिसं नाय तुला?"

"चेन उतरली, मावशी."

"चेन उतरली त ती तुजी. माजं बोंबील कशाला उतरवलंस?"

तिचे बोंबील पुन्हा बांबूवर घालून दिल्यावर मी मोटरसायकलीजवळ बसलो. चेन चढवताना मागची चकती प्रथमच नीट बघितली. ग्रीस एका बाजूचं पुसलं गेलं होतं. अर्ध्या गोलातले दात आतल्या अंगानं घासून आरशासारखे चमकत होते, उरलेल्या अर्ध्यातले तसेच काळे. म्हणजे चकती सरळ फिरत नव्हती. प्रत्येक फेऱ्यात एकदा ती चेनला बाजूनं ढुशी देत होती. एका फेऱ्याला एक टक्. थांबून थांबून.

तिथं वाळूत बसून मला जे वाटलं ते फारसं सुखाचं नव्हतं. गाडीचं काय, गाडी दुरुस्त झाली असती. मी आवाज बुजवला होता आणि काकांना सांगितलं होतं की आवाज नव्हताच.

घरी आलो तो बोंबलांच्या वासासकट. तसाच ओटीवर गेलो. "काका, वाजत होतं. तुमचं बरोबर होतं. चकती डुलते आहे." ग्रीसचं, चिंध्यांचं, सगळं सांगितलं.

काका शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "काकूनं तुला सांगितलं वाटतं मी जेवत नाही म्हणून?"

"नाही हो!"

"त्या दिवशी म्हणालास नव्हतंच. आज म्हणतोस होतं. उद्या काय म्हणशील? तुला दया आली आहे, ओव्हरसियर. दयेवर गाडी सोडत नाहीत."

"मग काय करू? चला, तुम्हाला चकती दाखवतो."

"उभ्या गाडीची?" ते एकदम ताठ बसले. "उभी गाडी मला दाखवू नकोस. तेव्हा पण त्यांनी उभीच गाडी तपासली होती. उभं असताना सगळेच सरळ असतात. चालती दाखव. मी मागून बघणार. माझ्या डोळ्यांनी आणि माझ्या कानांनी."

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी आदल्या दिवशी रॉकेलनं सगळं ग्रीस धुतलं होतं आणि चिंध्या काढल्या होत्या. काका गार्डाचा काळा कोट घालून, झेंड्या काखेत मारून आले. बटणं रेल्वेनं परत घेतली होती की तुटली होती कोण जाणे, कोट दोऱ्यानं बांधलेला होता. त्यांनी आधी मागच्या टायरवर चुन्याचा एक जाड पट्टा ओढला. मग मागच्या सीटवर, चेहरा मागे करून, माझ्या पाठीला पाठ लावून बसले.

"काका, असं?"

"मग कसं? गार्ड कधी इंजिनाकडे तोंड करून बसतो?"

काकूंनी एक पंचा आणून आम्हा दोघांना कमरेशी बांधलं. "पडलात तर दोघं एकाच जागी सापडाल," त्या म्हणाल्या. काकांनी आज पुन्हा विचारलं, "लाइन क्लिअर?" काकूंनी पंच्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. "क्लिअर," त्या म्हणाल्या.

स्टेशनाजवळून जाताना टपरीवरच्या मंडळींनी आम्हाला पाहिलं. आधी ते थक्क झाले, मग सगळ्यांनी मिळून ग्लास वाजवायला घेतले. मी वेग वाढवला आणि मिनिटात ते माझ्यापुरते संपले. पण काकांपुरते संपले नव्हते. पुढे बघणाऱ्याला टवाळखोर एक क्षणभरच दिसतात. उलटं बसलेल्याला ते ठिपका होईपर्यंत बघत राहावं लागतं. माझ्या पाठीला त्यांची पाठ लागलेली होती. ती ताठ झाली होती, पण हलली नाही.

गावाबाहेर पडल्यावर शिट्टी सुरू झाली. काका डावीकडे ओणवून चाकाकडे बघत होते, आणि ऐकू आलं की शिट्टी मारत होते. पिर्र. जरा थांबून, पिर्र. मी वेग वाढवला, शिट्ट्या जवळ जवळ आल्या. कमी केला, लांब लांब झाल्या. "चुन्याचा पट्टा वर आला की वाजतंय!" ते ओरडले. "दर वेळी! म्हणजे रोग चाकात आहे." मग एका मोरीनंतरचा लांब उतार लागला. "इंजिन बंद कर!"

मी गाडी गिअरमधून काढली आणि इंजिन बंद केलं. एकदम सगळीकडे शांत झालं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची शेतं, वाऱ्याची सुरसुर, टायरचा रस्त्यावरचा आवाज. आणि त्यात, स्पष्ट, माझ्या अगदी पायाशी आल्यासारखी:

टक्.

चाकाचा एक फेरा.

टक्.

काका शिट्टी मारायची विसरले होते.

"ऐकलंस?" मागून आवाज आला.

"ऐकलं."

"मोठ्यानं बोल."

"ऐकलं, काका! वाजतंय!"

पाठीला लागलेली पाठ थोडी सैल पडली. उतार संपला. गाडी आपोआप थांबली तिथं बोईसरच्या बाजाराकडून परतणाऱ्या कोळणींचा घोळका रिकाम्या टोपल्या घेऊन चालला होता. त्यातली एक म्हणाली, "अगो बगा, म्हातारा उलटा बसलाय!" दुसरीनं आधी मला न्याहाळलं, मग काकांना. म्हणाली, "पोराचं तोंड बगवत नसंल त्याला." सगळ्या हसल्या. काकांनी कोटाची कॉलर सरळ करून त्यांना हिरवी झेंडी दाखवली.

रोग चाकात आहे हे कळलं, पण कुठं, हे कळायला दुपार झाली. अंगणात गाडी स्टँडवर घेतली. सांगाड्याला एक खिळा असा बांधला की त्याचं टोक चकतीच्या दातांना जेमतेम लागेल, आणि चाक हातानं हळू फिरवलं. एका बाजूचे दात खिळ्याला घासत, दुसऱ्या बाजूचे त्याच्यापासून दूर जात. टायरची कड मात्र सरळ फिरत होती. म्हणजे आस चांगला, चाक चांगलं, डुलते ती चकतीच.

"वाकली आहे," काकांनी निकाल दिला आणि हातोडा मागवला. काका काही मोटरसायकलीतले जाणकार नव्हते. त्यांना आवाज कळत होता, औषध त्यांच्या मते सगळ्याला एकच होतं. मी चकती सोडवली आणि त्यांनी ती पायरीवर ठेवून हातोडा उचललासुद्धा. लढाईतल्या गाडीची चकती. ती फुटली असती तर दुसरी मुंबईच्या चोरबाजारात शोधावी लागली असती, आणि ती मिळेपर्यंत माझी जागा दुसऱ्या वाहनवाल्याला गेली असती.

"थांबा, थांबा!" मी म्हटलं. "तीच वाकडी आहे हे कशावरून?"

"मग काय, खिळा वाकडा आहे?"

आता मी जे केलं ते साइटवर दिवसातून कितीदा तरी करत असे, पण स्वतःच्या गाडीबाबत मला ते तोवर सुचलं नव्हतं. गवंड्याची पाणसळ भिंतीवर ठेवली आणि बुडबुडा एकीकडे गेला, तर भिंत वाकडी की पाणसळ? सोपं आहे. पाणसळ उचलून उलटी करून ठेवायची. बुडबुडा तिच्याबरोबर फिरला तर पाणसळ वाकडी. तिथंच राहिला तर भिंत. मी चकतीवर घासून चमकणाऱ्या एका दाताला चुना लावला, हबवर त्याच्यासमोर एक रेघ मारली, चकती अर्धी फिरवून पुन्हा तशीच आवळली.

काका खिळ्याला नाक लावून बसले. मी चाक फिरवलं.

घासणारे दात आता वेगळे होते. पण घासण्याची जागा तीच होती, हबच्या रेघेसमोर. वाकडेपणा चकतीबरोबर फिरला नव्हता. चकती निर्दोष होती. ती जिथं बसत होती ती बैठकच वाकडी होती.

पुन्हा खोललं. आधी खोललं तेव्हा आम्ही दोघं चकतीकडेच बघत होतो. आता हबकडे बघितलं. माझा दसऱ्याचा हिरवा रंग. आणि एका बाजूला, चकती टेकते त्या नेमक्या जागी, रंगात रुतलेले तीन-चार उंचवटे. बोल्टनी चेपून चपटे झालेले, ग्रीस आणि धुळीनं काळवंडलेले. काकांनी एक नखानं उचकटला. आत पांढरं होतं, कडेला अजून कुंकवाचा रंग.

काकू पदराला हात पुसत वाकून बघत होत्या. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हा तर माझा कोलम तांदूळ!"

मी हब खरवडून साफ केला. तेवढाच वेळ मला कोणाच्या नजरेला नजर न देता घालवता आला. चकती बसवली, आवळली, चाक फिरवलं. खिळा आणि दात यांच्यामधली फट फेराभर सारखी राहिली. फाटकाबाहेर जाऊन आलो. काही ऐकू आलं नाही, आणि या वेळी खरंच काही वाजत नव्हतं.

मला वाटलं होतं, काका आता गावभर सांगतील, टपरीवर जाऊन चौघांसमोर ते तांदळाचे दाणे आपटतील. तसं काही झालं नाही. संध्याकाळी ते ओटीवर बसले. लांबून गाडी आली. त्यांनी डोळे मिटले.

"मालगाडी. भरलेली. सावकाश चाललीय."

गाडी लांब गेल्यावर म्हणाले, "उमरोळीच्या त्या गाडीचं आता कधीच कळायचं नाही, ओव्हरसियर. तिच्यात खरंच काही होतं की नव्हतं. तिला उलटी करून कोण बघणार? गेली ती." आणि मग, "पण मी ऐकलं असेन. असेन, एवढं झालं. पूर्वी तेवढंही नव्हतं."

माझ्या बोलण्यानं त्यांचं भलं होत नाही हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी शिट्टी वाजली.

पुढे माझं तारापूरचं काम संपलं आणि मी दुसऱ्या गावी गेलो. दशक संपता संपता एकदा पालघरला जाणं झालं. आता माझ्याकडे स्कूटर होती, तीही तिसऱ्या हातची, आणि माझी खोलायची-जोडायची सवय काही गेली नव्हती. काकूंनी फाटक उघडलं आणि आधीच बजावलं, "मोठ्यानं बोलून घसा फोडू नकोस. ह्यांना आता अजिबात ऐकू येत नाही. गाडीसुद्धा नाही." काका ओटीवरच होते. वाळले होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. बोलणं सगळं त्यांच्या बाजूनंच झालं. मधे एक गाडी गेली. त्यांनी हात ओटीच्या लाकडी खांबावर टेकवला, खांबाला येणारी थरथर तळव्यानं चाचपली, आणि म्हणाले, "पॅसेंजर." काकूंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मालगाडी होती. आम्ही दोघांनीही त्यांना ते सांगितलं नाही.

निघताना ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. काखेत दोन झेंड्या. हिरव्या लुगड्याचा रंग आता सांगावा लागत होता. मी स्कूटर सुरू केली. काकांनी मान तिरकी केली, पूर्वी करत तशी, आणि लाल झेंडी वर धरली.

"मागून काहीतरी वाजतंय," ते म्हणाले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मी स्कूटर बंद केली, त्यांच्यासमोर गेलो, आणि माझ्या कानाला बोट लावून खुणेनंच विचारलं, ऐकू येतंय तुम्हाला?

काकांनी माझ्याकडे एखाद्या नवीन ड्रायव्हरकडे बघावं तसं बघितलं.

"ऐकू कशाला यायला पाहिजे?" ते म्हणाले. "जोडणारा तूच ना?"